लहान मुलं घेऊन नाशिकला येताय? एरियाआधी गल्ली बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याहून नाशिकला यायचं ठरलंय. मिस्टरांची नोकरी अंबड एमआयडीसीत, तुम्ही घरून काम करणार. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. भाड्याची दोन घरं बघून ठेवलीत, भाडं जवळपास सारखंच. एक पाथर्डी फाट्याच्या पुढे, नव्या मोठ्या संकुलात, सातव्या मजल्यावर. क्लबहाउस, पोहण्याचा तलाव, घसरगुंडी-झोके, गेटवर वॉचमन. दुसरं इंदिरानगरच्या आतल्या कॉलनीत, जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरच्यांचं मत संकुलाकडे, तुमचं मन कॉलनीकडे. आणि तुम्ही विचारताय, मुलांना हाताला धरून चालत सगळीकडे नेता येईल अशी वस्ती नाशिकमध्ये उरली आहे का.

उरली आहे. मी नाशिकमध्ये बालवाडी चालवते. घर बदललं की मूल कसं बदलतं ते मला वर्गात दिसतं, म्हणून त्या बाजूनेच उत्तर देते.

संकुल की कॉलनी, असा वाद घरात घालत बसलात तर तो मिटायचा नाही, कारण दोन्हीकडे चांगलं बोलण्यासारखं आहे. त्यापेक्षा दोन्ही घरांना एकच माप लावा. मुलीला रोज लागणाऱ्या गोष्टी घ्या: बालवाडी, खेळायची जागा, भाजी-किराणा, एखादी मैत्रीण, डॉक्टर. यातल्या किती गोष्टी तिला स्वतःच्या पायांनी गाठता येतात, आणि वाटेत किती मोठे रस्ते आडवे येतात? माझ्या लेखी दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे. बालवाडी आठशे मीटरवर असली आणि वाट आतल्या गल्ल्यांतून जात असली तर मूल मजेत चालतं. तीच दीडशे मीटरवर, पण हायवेपलीकडे असली, तर तुम्ही महिन्याभरात स्कूटर काढणार.

अंतराचं आधी सांगते. मोठं माणूस पाच मिनिटांत चारशे मीटर जातं. साडेतीन वर्षांच्या मुलीला तेवढ्यालाच पंधरा मिनिटं लागतात, आणि ती वाया जात नाहीत. आमच्याकडे सकाळी सतरंजीवर गोल करून गप्पा होतात. चालत आलेलं मूल काहीतरी घेऊन येतं. पावसाळा सरता सरता बुचाची फुलं, उन्हाळा लागला की गुलमोहराच्या पाकळ्या, नाहीतर नुसती बातमी: ‘जेसीबीनं खड्डा खणला, त्यात पाणी आलं, मग एक काका आत उतरले आणि त्यांची चप्पल अडकली.’ एवढं सगळं एका दमात, क्रमाने सांगणं ही त्या वयातली मोठी झेप आहे. व्हॅनमधून अर्धा-पाऊण तास आलेलं मूल बरेचदा पेंगत उतरतं. ते मूल कमी हुशार असतं असं अजिबात नाही. सकाळपासून त्याला सांगण्यासारखं काही दिसलेलं नसतं, आणि दिसलं तरी ऐकायला शेजारी कोणी नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० मिनिटं तरी धावपळीची, दम लागेल अशी असावीत, आणि एका वेळी तासाभराहून जास्त त्यांना बाबागाडीत किंवा सीटवर बांधून ठेवू नये, असं त्यात म्हटलंय. १८० मिनिटं ऐकून पालक घाबरतात आणि डान्स क्लास, स्केटिंगची चौकशी सुरू करतात. बालवाडीला चालत जाणं-येणं, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणणं, संध्याकाळी तासभर हुंदडणं, घरातला दंगा, एवढ्यात तेवढी मिनिटं सहज भरतात. फक्त घर तशा जागी हवं.

आता रस्ता ओलांडण्याचं. नाशिकमध्ये घर घेताना लोक हॉल किती मोठा, पाणी किती वेळ, पार्किंग कुठे हे सगळं बघतात, आणि हे बघायचं राहतं. मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या शहराच्या पोटातून जातो. उड्डाणपूल झाला तशी लांबची वाहतूक वरून जायला लागली, पण खाली सर्व्हिस रोड आणि बोगदे राहिलेच. इंदिरानगरच्या किंवा राणेनगरच्या बोगद्यापाशी सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी सातला उभं राहून बघा. रिक्षा, कंपनीच्या बस, दुचाकी सगळ्या एकाच तोंडाशी येतात. कडेवर बाळ आणि हाताला मूल असेल तर तिथून पायी जाण्याचा विचारही करू नये.

यामागचा हिशोब साधा आहे. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या गाडीसमोर मूल आलं, तर चालकाच्या लक्षात येऊन ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटर जातात. ५० ने येणाऱ्या गाडीला साधारण २८ मीटर लागतात. वेग दुपटीहून कमी वाढला, थांबायचं अंतर दुपटीच्या वर गेलं. शिवाय येणारी गाडी किती जोरात येतेय हे लहान मुलांना ओळखता येत नाही. नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत हा अंदाज त्यांच्यावर सोपवू नये, मग ती कितीही चुणचुणीत असोत.

आणि तीन वर्षांच्या मुलाची उंची असते साधारण ९५ सेंटीमीटर. घर बघायला जाल तेव्हा त्या गल्लीत, उभ्या केलेल्या दोन गाड्यांच्या मध्ये, मुलीच्या डोळ्यांच्या पातळीपर्यंत खाली बसून बघा. तुम्हाला बोनेट दिसेल, चाकं दिसतील, आणि फटीतून रस्त्याची एक पट्टी. चालकाला तर मुलगी दिसतच नाही. आम्ही मुलांना बाहेर नेतो तेव्हा हातात एक जाड सुती दोरी असते, थोड्या थोड्या अंतरावर गाठी मारलेली. प्रत्येकाने आपापली गाठ धरायची. कॉलनीत आम्हाला सगळ्यात जास्त जपावं लागतं ते बंगल्यांच्या फाटकांपाशी, रिव्हर्स बाहेर येणाऱ्या गाड्यांपासून. म्हणून फाटक उघडं दिसलं की थांबायचं, आत वाकून बघायचं, गाडीच्या मागचा पांढरा दिवा लागलाय का. लागलेला दिसला की पुढचं मूल ‘रिव्हर्स!’ म्हणून ओरडतं आणि सगळी रांग भिंतीला लागते. तुमच्या मुलीला नाशिकला आल्या आल्या हेच पहिलं शिकवा. लाल-हिरवा सिग्नल नंतर शिकवला तरी चालेल, कारण तिच्या रोजच्या वाटेवर सिग्नल नाही, फाटकं आहेत.

हे सगळं धरून इंदिरानगरकडे बघा. एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला वडाळा-पाथर्डी रस्ता, दोन्ही वर्दळीचे. पण या दोन्हींच्या मध्ये जो आतला भाग आहे, तिथे बालवाडी, किराणा, दवाखाना, देऊळ, बाग ही सगळी कामं मोठा रस्ता न ओलांडता होऊ शकतात. मिस्टरांना अंबडला जायला हायवे ओलांडावा लागेल. तो त्यांनी गाडीवरून ओलांडावा. मुलीच्या रोजच्या वाटेत तो येऊ नये, एवढंच बघायचं.

अर्थात ‘इंदिरानगर’ एवढ्यावर हो म्हणू नका. एरिया चांगला असतो म्हणजे काय, तर त्यातल्या काही गल्ल्या चांगल्या असतात. तुमच्या घरासमोरचा रस्ता साडेसात-नऊ मीटरचा कॉलनी रस्ता आहे की बारा, अठरा मीटरचा डीपी रस्ता, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला मोठा रस्ता, हे एजंटला विचारा. रस्ता अरुंद असला म्हणून निवांत असतोच असंही नाही. एखादी गल्ली सिग्नल चुकवायला शॉर्टकट म्हणून वापरली जाते, आणि मग तिथून दुचाकी सुसाट जातात. गल्ली पुढे बंद असेल, किंवा वळणं घेत कुठेच न जाणारी असेल, तर गाडीवाल्याला ती गैरसोयीची आणि तुम्हाला सोयीची.

फुटपाथची अपेक्षा मात्र सोडा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे वस्तीतल्या फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका स्मार्ट रोड झाला तेव्हा फुटपाथ नीट रुंद केले, पण कॉलन्यांमध्ये असा फुटपाथ शोधून सापडत नाही. जिथे आहे तिथे प्रत्येक फाटकाचा रॅम्प तो तोडतो, मध्ये महावितरणचा डबा असतो, नाहीतर कुंड्या. म्हणून आतल्या रस्त्यावर गाड्या हळू जातात का, हेच बघायचं. गाड्या हळू असतील तर तो रस्ताच तुमचा फुटपाथ. बाबागाडीवर पैसे घालू नका, दहा महिन्यांच्या बाळाला अंगाशी बांधायची झोळी घ्या. दोन्ही हात मोकळे राहतात आणि मोठीचा हात सुटत नाही.

यानंतरची गोष्ट म्हणजे ओपन स्पेस. चार हजार चौरस मीटरहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, म्हणून नाशिकच्या बऱ्याच कॉलन्यांत मध्ये एक मोकळा तुकडा असतो. पण त्याचं पुढे काय झालंय हे ज्या त्या कॉलनीवर आहे. कुठे देऊळ आणि सभामंडप उभा राहून मोकळं काही उरलेलं नसतं. कुठे ग्रीन जिमची यंत्रं आहेत आणि मुलं त्यांवरच लोंबकळतात, बोटं अडकायची भीती. कुठे फाटकाला कुलूप आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. आणि कुठे नुसती माती, दोन कडुनिंब, एक पार आणि संध्याकाळी तिथे बसलेल्या चार आज्या. लहान मुलांसाठी मला हे शेवटचं सगळ्यात पसंत. घसरगुंडी चार दिवसांत जुनी होते, मातीचा ढीग होत नाही. आणि आज्या असल्या की मूल पडलं, भांडलं, कुत्रं जवळ आलं, तर हाक मारायला कोणीतरी असतं. घर बघायला जाल तेव्हा त्या आज्यांशी पाच मिनिटं बोला. एजंट जे सांगणार नाही ते त्या सांगतील: पावसात पाणी कुठे तुंबतं, मोकाट कुत्री कोणत्या कोपऱ्यावर, रात्री दिवे लागतात की नाही, कोणत्या घरात तुमच्या मुलीच्या वयाचं मूल आहे.

नाशिकमधल्या बाकीच्या भागांबद्दलही विचारलंय, ते थोडक्यात सांगते. सिडकोला लोक गर्दीचा भाग म्हणून नाकं मुरडतात, पण लहान मुलांच्या दृष्टीने सिडकोच्या सहा गृहयोजनांमधल्या आतल्या गल्ल्या चांगल्या आहेत. घरं छोटी, एकमेकांना लागून, दारात ओटे, शाळा आणि दुकानं चालत जाण्यासारखी, पवननगरचा भाजीबाजार हाताशी. अडचण गाड्यांची आहे. घरांवर मजले चढले, गाड्या वाढल्या, त्या गल्लीतच उभ्या राहतात आणि खेळायला जागा उरत नाही. तरी एखादी गल्ली चांगली मिळाली तर तिथून अंबडही जवळ, तेही बघून ठेवा. महात्मानगर, कृषीनगर, कॉलेज रोडच्या आतल्या बाजूला झाडं आहेत, जॉगिंग ट्रॅक आहे, भाडी मात्र चढी. जुन्या नाशकात आणि पंचवटीत सगळं पायाशी आहे, शेजार तर विचारूच नका. पण गल्लीबोळांतून दुचाक्या कशाही शिरतात, सराफ बाजाराच्या बाजूला पावसात पाणी भरतं, आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वकाळात रामकुंडाच्या परिसरात रोजचं येणं-जाणं अवघड होणार. दोन लहान मुलं घेऊन नव्याने यायला ही वेळ नव्हे.

आता संकुलाची बाजू, कारण तिच्यात तथ्य आहे. गेटच्या आत गाड्या हळू चालतात. संध्याकाळी खाली पंचवीस-तीस मुलं असतात. तुम्ही मीटिंगमध्ये असताना मुलगी मावशीबरोबर खाली जाऊ शकते. दहा महिन्यांचं बाळ कडेवर, पाण्याची बाटली, भाजीची पिशवी आणि ‘मला उचल’ म्हणणारी मोठी, हे सगळं घेऊन दिवसातून चारदा दोन जिने चढायचे, ही छोटी गोष्ट नाही. तुमच्या पाठीचं, गुडघ्याचं दुखणं असेल, दुसऱ्या बाळंतपणातून तब्येत अजून सावरली नसेल, किंवा सासू-सासरे वर्षातले सहा महिने येऊन राहणार असतील, तर मी तुम्हाला संकुल घ्या असंच सांगेन. मिस्टरांची रात्रपाळी असेल आणि तुम्ही एकट्या असाल तरीही. आईची तब्येत बिघडली तर चालण्याजोग्या वस्तीचा मुलांना काही उपयोग नाही.

माझी शंका गेटच्या बाहेरच्या जगाबद्दल आहे. दूध, औषध, डॉक्टर, बालवाडी, वाढदिवसाचं बोलावणं, प्रत्येकाला गाडी काढावी लागते. मुलीला आपली इमारत माहीत होते आणि मॉल माहीत होतो, मधलं शहर काचेतून बघितलेलं राहतं. संकुलातली मुलं आमच्याकडे येतात तेव्हा झोका, सायकल, पोहणं यात पुढे असतात. पण भाजीवाल्याशी बोलणं, वाटेत थांबून थोडा धीर धरणं, मोठ्या माणसाला ‘काका, जरा सरका’ म्हणणं, हे त्यांना शिकवावं लागतं. चालत वाढलेल्या मुलांना ते येता-जाता येतं. संकुल घेतलंत तर याची भरपाई ठरवून करा. आठवड्यातून दोनदा मुलीला घेऊन सिटीलिंकच्या बसने कुठेतरी जा. बुधवारी गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा बाजार, एखाद्या रविवारी सार्वजनिक वाचनालय. ते १८४० पासूनचं आहे, हे तिला मोठी झाल्यावर कळेल, आत्ता पुस्तकांच्या कपाटांच्या रांगाच पुरतात.

शाळेबद्दल माझं मत ठाम आहे. साडेतीन वर्षांच्या मुलीला नावाजलेल्या शाळेसाठी पाथर्डी फाट्याहून गंगापूर रोडला आठ-दहा किलोमीटर पाठवू नका. महाराष्ट्रात पहिलीला त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमच्या हातात अजून दोन-अडीच वर्षं आहेत. तोवर जवळची, बेताची पण मायेची बालवाडी निवडा: बाई मुलांशी खाली बसून बोलतात का, मुलांना बाहेर मातीत नेतात का, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं आहेत की बाजारातून आणलेले तक्ते, एवढं बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतही प्राथमिक शाळेसाठी घरापासून एक किलोमीटरचं अंतर धरलंय. बालवाडीला त्याहून जास्त कशाला?

स्कूटर पूर्ण टाळता येणार नाही हे मला ठाऊक आहे. मग नियम पाळा. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधलेला पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० च्या आत वेग, हे केंद्राच्या नियमांनुसार १५ फेब्रुवारी २०२३ पासून बंधनकारक आहे. तुमची दोन्ही मुलं सध्या या वयात बसतात. पुढे उभं केलेलं आणि मागे झोपलेलं मूल मी रोज शाळेच्या दारात बघते, आणि रोज त्या पालकांना थांबवून सांगते.

मला कोणतं घर सुचवशील असं विचाराल, तर तब्येतीची अडचण नसल्यास इंदिरानगरचं, पण पुढचं सगळं तपासल्यावरच. सकाळी साडेआठला, संध्याकाळी साडेसहाला आणि रात्री नऊला, अशा तीन वेळांना त्या गल्लीत जा. एकदा तरी मुलीला बरोबर घ्या आणि घरापासून बालवाडीपर्यंत तिला तिच्या चालीने चालू द्या, ओढू नका. कुठे तुम्हाला तिला पटकन उचलून घ्यावंसं वाटलं, ती जागा लक्षात ठेवा. अशी एखादी जागा असेल तर निभावतं, रोज चार-पाच ठिकाणी उचलावं लागणार असेल तर ते घर सोडा. जमलं तर पावसात जा. उघडी गटारं आणि चेंबरची सरकलेली झाकणं कोरड्यात डोळ्यांना दिसतात, पावसात पाण्याखाली जातात, म्हणून आधी एकदा कोरड्यातही नीट बघून ठेवा. सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेले आहेत, तेव्हा आज शांत दिसणारी गल्ली केवळ पुढचा रस्ता बंद म्हणून शांत नाही ना, हे शेजारी विचारा.

करार अकरा महिन्यांचाच करा, घर विकत घ्यायची घाई नको. त्याच कॉलनीत तळमजल्याचं किंवा पहिल्या मजल्याचं घर निघतंय का, याची इमारतीच्या वॉचमनकडे आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे चौकशी करून ठेवा. अशी घरं जाहिरातीत येण्याआधीच जातात. आणि दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलात, तर सामान लावायच्या आधी जिन्याच्या तोंडाला कमरेएवढं फाटक बसवून घ्या. बाळ दहा महिन्यांचं आहे, महिन्या-दोन महिन्यांत ते जिना गाठणारच.